शेवंताच्या हातचं

शेवंताने पेजेचा चमचा ओठांपाशी नेला आणि आत्याने दात घट्ट मिटून घेतले. पेज हनुवटीवरून गळ्याकडे ओघळली. शेवंताने ती पदराने टिपली आणि पुन्हा चमचा भरला. आत्याने तोंड भिंतीकडे वळवलं. उजवं अंग झटक्याने गेलं होतं, पण मान शाबूत होती आणि त्या मानेतला ताठाही.

“आत्याबाई, दोन घास घ्या,” शेवंता म्हणाली. “पोटात कायतरी जाऊ द्या.”

“सगुणा,” आत्या भिंतीकडे बघतच म्हणाली. झटक्यानंतर तिची जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून यायचे. “हिला... जा म्हण.”

मी दारात उभी होते. मला शेवंताला जा म्हणायचं नव्हतं. मला स्वतःला जायचं होतं.

“आत्या, अगं नुसता चमचा तर धरलाय तिने.”

“तिच्या हातचं नको.”

शेवंताने वाटी खाली ठेवली, चमचा वाटीत ठेवला आणि माझ्या बाजूने बाहेर पडली. अंगणात जाऊन तिने आत्याची भिजलेली चादर उचलली आणि धुवायला घेऊन गेली. चादर धुतलेली आत्याला चालायची, कारण ती कोण धुतं हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

“हिच्या हातचं नको, मग कुणाच्या हातचं?” मी विचारलं.

“तू आहेस की.”

मला दुसरं काही ऐकू येईल अशी आशाही नव्हती.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्यापासून आत. गावाच्या कडेला मिशनचं कंपाऊंड, त्यात चर्च, शाळा, पाळकांचं घर आणि आमच्यासारख्यांच्या पत्र्याच्या खोल्या. तबीथा आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मिशनची सुवार्तिका म्हणून तिने सबंध आयुष्य खेड्यापाड्यांतून बायकांना प्रभूचं वचन सांगण्यात घालवलं. लग्न केलं नाही. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिच्या उपकाराखाली मी एवढी वाढले की सरळ उभी राहायला जागाच उरली नव्हती.

मी मिशनच्या शाळेत शिकवत होते. तिशी ओलांडली होती. आत्याला झटका आला आणि शाळा, घर, आत्या, भांडं, चादर, पेज यापलीकडे मला जगच राहिलं नाही. मधल्या सुट्टीत पळत घरी यायचं, तिला कुशीवर वळवायचं, पळत परत जायचं. भिंतीला टेकवलेली एक काठी होती. काही हवं असलं की आत्या डाव्या हाताने ती भिंतीवर आपटायची. झोपेतही मला तो आवाज यायचा आणि उठून बघावं तर ती गाढ झोपलेली असायची.

त्या उन्हाळ्यात सोलापूरच्या एका मुलींच्या शाळेत माझी निवड झाली. शाळेच्या वसतिगृहात राहायला एक खोलीही मिळणार होती. आधी एकदा मी मुदत मागून घेतली होती. आता त्यांनी स्पष्टच कळवलं होतं, शाळा उघडायच्या आत या, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. मी त्या खोलीचाच विचार करत असे. तिला दार असेल, दाराला आतून कडी असेल, आणि कडी लावल्यावर कुणीही भिंतीवर काठी आपटणार नाही.

कंपाऊंडमध्ये माझं फार कौतुक होतं. चर्च सुटल्यावर बायका माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, “सगुणा, तुझ्यासाठी वर मोठा मुकुट ठेवलाय बघ.” मला वरच्या मुकुटापेक्षा सोलापूरची कडी हवी होती, पण असं बोलायची सोय नव्हती. त्यांतल्या एकीलाही मी कधी म्हटलं की, काकू, दुपारी तासभर आत्यापाशी बसाल का, तर तिच्या घरी नेमके पाहुणे आलेले असायचे.

आली ती एकटी शेवंता. आपणहून आली.

शेवंताची गोष्ट कंपाऊंडमध्ये पोराटोरांनाही ठाऊक होती. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. ती मुलगी तापाने फणफणली, तेव्हा सासूच्या सांगण्यावरून शेवंता तिला खांद्यावर टाकून देवीच्या ठाण्यावर घेऊन गेली. नवस बोलली, अंगारा लावला. मुलगी वाचली नाही. मंडळीच्या पंचांनी शेवंताचं प्रभुभोजन, ख्रिस्ताच्या आठवणीत चर्चमध्ये मिळणारी भाकर आणि प्याला, बंद केलं. पंचांना ही बातमी देणारी तबीथा आत्याच होती, आणि पंचांमध्ये बसलेली एकुलती एक बाईही तीच. शिक्षा जन्माची नव्हती. मंडळीपुढे उभं राहून ‘मी पाप केलं’ एवढं म्हटलं की ती उठणार होती. शेवंताने ते कधी म्हटलं नाही.

ती चर्चला मात्र दर रविवारी यायची, शेवटच्या सतरंजीवर बसायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला पुढे आला की उठून बाहेर जायची. बायका आपली रडकी पोरं जाता जाता तिच्याकडे द्यायच्या. आत प्रभुभोजन व्हायचं आणि बाहेर कडुनिंबाखाली ती मंडळीची लेकरं खेळवत बसायची. अशी कितीतरी वर्षं गेली. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

“तू का करतेस हे?” मी तिला विचारलं होतं.

“मानूस पडलंय,” ती म्हणाली. “तुमी जावा सोलापूरला. मी हाय.”

ती होती, पण आत्या तिच्या हातून पाणीही घेत नव्हती. मी पाळकांकडे गेले. भालेराव पाळक नवे होते, माझ्यापेक्षा वयाने लहान, भला माणूस. मला वाटलं, हे तरी आत्याला समजावतील.

“सगुणाताई,” ते म्हणाले, “तुम्हाला नोकरीचं वाटतं ते मी समजू शकतो. पण आत्याबाईंकडे बघा. स्वतःसाठी काही ठेवलं नाही, सगळं अर्पण केलं. सेवेतच माणसाचं आयुष्य पूर्ण होतं. तुम्हाला ती संधी घरबसल्या मिळालीय.”

“शेवंताही सेवा करायलाच तयार आहे.”

ते जरा चाचरले. “तिचं प्रकरण वेगळं. आत्याबाईंना नको असेल तर आपण कशी बळजबरी करायची? पंचांनाही ते बरं दिसणार नाही.”

पुढच्याच रविवारी त्यांनी उपदेशात माझं उदाहरण दिलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं, तर लोकांना ती नम्रता वाटली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी सतरंजीवर बसून खाल्ला.

त्यानंतरची गोष्ट. सोलापूरच्या शाळेला डॉक्टरांचा दाखला हवा होता. जायचं ठरलेलं नसताना मी दाखला कशाला काढत होते, मलाच माहीत नाही. आत्याला खाऊपिऊ घातलं, उशाशी पाणी ठेवलं, दुपारी परत येते म्हणाले आणि सकाळच्या गाडीने तालुक्याला गेले. परतताना एस.टी. मध्येच बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभे. माझ्या मनात एकच चित्र, आत्या काठी आपटतेय. आणि मला आठवलं की त्या दिवशी कंपाऊंडमध्ये कुणीच नव्हतं. पंचांपैकी एकाच्या मुलाचं लग्न होतं, सगळे ट्रक करून वऱ्हाडाला गेले होते.

गावात उतरले तेव्हा दिवस कलला होता. मी धावतच घर गाठलं. खोलीत साबणाचा वास येत होता. आत्याला धुवट पांढरं पातळ नेसवलेलं होतं, केस विंचरून वेणी घातली होती, खालची चादर बदललेली होती. काठी जमिनीवर पडली होती. आत्या छताकडे बघत होती आणि तिच्या एकाच डोळ्यातून पाणी येत होतं.

“शेवंता आली होती?”

तिने मान हलवली. सगळ्या कंपाऊंडमध्ये लग्नाला न बोलावलेली ती एकटीच होती. काठीचा आवाज ऐकायला दुसरं कोण असणार?

“काही खाल्लंस?”

“नाही.” मग बऱ्याच वेळाने, “पाणी प्यायले.”

“तिच्या हातून?”

“तहान... फार लागली होती. उशाचं पाणी... सांडलं होतं.” तिचा डावा हात चादरीवर फिरत होता. “घाण झाली होती गं सगळी. मला. तिने सगळं केलं.”

“काही बोलली का तुला?”

“नाही.” आत्याने माझ्याकडे बघितलं. “काहीतरी बोलायला पाहिजे होतं तिने.”

मला वाटलं, सुटले. आता हिचा अडसर गेला. पण झालं उलटंच. त्या दिवसापासून आत्या माझ्या हातचंही नीट खाईना. दोन चमचे घेऊन तोंड मिटायची. शेवंता दारात दिसली की डोळे मिटून घ्यायची. मी चिडले, रडले, नको ते बोलले. “तुला मला इथेच पुरायचंय,” असंही म्हणाले. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. मी बांधून ठेवलेली ट्रंक सोडली आणि पातळं परत दोरीवर टाकली.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. चर्च सुटल्यावर पाळक आजारी माणसांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जायचे. आमच्याकडे आले ते नेहमीसारखे पांढरा झगा घालून, हातात डबी आणि लहानसा प्याला. मी स्टुलावर धुतलेलं फडकं अंथरलं. एवढ्यात शेवंता वाळलेल्या चादरी घेऊन मागच्या दाराने आत आली. पाळकांना बघताच ती सवयीने मागे सरली आणि चादरी खाटेच्या पायथ्याशी ठेवून निघाली.

“थांब,” आत्या म्हणाली.

शेवंताला वाटलं मला म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

“शेवंता. थांब.”

शेवंता दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पाळकांनी डबी उघडली आणि भाकरीचा तुकडा हातात घेतला.

“आधी,” आत्या म्हणाली, “मला कबुली द्यायचीय.”

“तुम्हाला?” पाळक हसले. “आत्याबाई, तुम्ही कसली कबुली देणार? तुमच्यासारखं भरलेलं आयुष्य...”

“ऐक.” पाळकांना ती कधी अरेतुरे करत नसे.

तिला सलग बोलता येत नव्हतं. एक वाक्य झालं की ती थांबायची, गिळायची, पुन्हा सुरू करायची. आम्हाला तिघांनाही हलता येईना.

“ही माझ्याकडे आली होती. देवीकडे जायच्या आधी. आधी माझ्याकडे. लेकरू खांद्यावर होतं. मिशनचा टांगा माझ्या दारात उभा होता. म्हणाली, बाई, दवाखान्यात न्या. मी लेकराच्या डोक्याला हात लावला. निखारा होता. पण मला सभा होती. पिंपळवाडीला. बायकांची सभा. मी म्हणाले, विश्वास ठेव. प्रार्थना केली. आणि टांग्यात बसले.”



“त्या सभेत मी काय सांगितलं ठाऊक आहे?” आत्या पाळकांना म्हणाली. “हरवलेल्या मेंढराची गोष्ट. नव्याण्णव मागे ठेवून... एकाला शोधायला गेलेल्या मेंढपाळाची.”

पाळकांनी भाकरीचा तुकडा डबीत परत ठेवला. ते शेवंताकडे वळले.

“हे खरं आहे?”

“मला ठाव हाय की,” शेवंता म्हणाली. जणू त्यांनी हवापाण्याचं काही विचारलं होतं.

“मग पंचांपुढे का बोलली नाहीस तू?”

“काय बोलू? लेकरू परत येनार व्हतं का?” तिने पाळकांकडे सरळ बघितलं. “आन खरं सांगू, पाळकसाहेब? मला राग व्हता. बोलले असते तर सरला असता. मला तो सरायला नको व्हता. तेवढाच व्हता माझ्याजवळ.”

“आणि आता?” आत्याने विचारलं.

शेवंताने चौकटीवरचा हात काढला. “आता बी हाय थोडा,” ती म्हणाली.

आत्याने मान हलवली, कुणी रास्त भाव सांगितल्यावर हलवतात तशी. मग पाळकांना म्हणाली, “आधी तिला दे. मग मला.”

भालेरावांना घाम फुटला होता. त्यांची मला तेव्हाही कीव आली आणि आजही येते. “आत्याबाई, माझ्या एकट्याच्या हातात नाही ते. पंचांचा ठराव आहे. मी पुढच्या सभेत विषय मांडतो, शब्द देतो. आज तुम्ही घ्या.”

“मग मलाही बंद कर.”

“असं कसं म्हणता? तुमची ही अवस्था. उद्या काही कमीजास्त झालं तर तुम्ही प्रभुभोजनाविना...”

“ती इतकी वर्षं राहिली,” आत्या म्हणाली. “मीही राहीन.”

तिने डोळे मिटले. पाळकांनी डबी मिटली, प्याला फडक्यात गुंडाळला आणि ते गेले. त्यांची पावलं अंगणाबाहेर गेल्यावर आत्याने डोळे उघडले.

“पेज आहे का?”

मी चुलीकडे वळले.

“तू नको,” आत्या म्हणाली. “ती.”

शेवंताने पेज वाटीत घेतली, फुंकर घालून निववली आणि चमचा पुढे केला. आत्याने तोंड उघडलं. एका बाजूने थोडी पेज सांडली, ती शेवंताने बोटाने निपटून परत तोंडात घातली, लेकराला घालतात तशी. मी चुलीपाशी बसून रडत होते. माझ्या रडण्यात पवित्र वगैरे काही नव्हतं. मला सोलापूरची गाडी दिसत होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आत्याचे पाय चेपत बसले होते. मला आतून ओशाळल्यासारखं होत होतं, आणि त्याहून मोठी भीती होती, ही आता नको जाऊस म्हणेल.

“पाळक म्हणतो भरलेलं आयुष्य,” ती म्हणाली. “मलाही तसंच वाटायचं. देत राहिलं की भरतं. गावोगाव कृपा सांगितली मी. कुणाकडून पाण्याचा पेलाही घेतला नाही. देवाकडूनसुद्धा काही घेतलं नाही गं. त्याच्यासाठी राबले नुसती. घ्यायचं राहूनच गेलं.”

“आत्या, बोलू नकोस, दमशील.”

“तू इथे राहिलीस तर मला देत बसशील. आणि म्हातारपणी माझ्यासारखी दात मिटशील.” तिने डाव्या हाताने मला ढकललं. त्या ढकलण्यात जोर नव्हता. “जा. माझं घ्यायचं राहिलंय, ते आता शेवंताकडून.”

मी गेले. सोलापूरच्या खोलीला खरंच कडी होती. पहिले काही महिने मी ती दिवसाही लावून बसायचे.

पुढच्या फेब्रुवारीत आत्या गेल्याची तार आली. मी पोचले तेव्हा तिला पेटीत ठेवलेलं होतं. चर्चमध्ये तिचा जीवनवृत्तांत वाचला गेला. जन्म, बाप्तिस्मा, सेवेची वर्षं, गावांची नावं. सगळं बरोबर होतं. त्या रविवारी आमच्या खोलीत काय घडलं त्याचा त्यात उल्लेख नव्हता. पंचांनी तो विषय दर सभेला पुढच्या सभेवर ढकलला होता. पाळक दर पहिल्या रविवारी डबी घेऊन आत्याच्या दारी जात होते, आत्या ‘तिला दिलं का?’ एवढंच विचारत होती आणि ते तसेच परत फिरत होते.

मातीला गेलेल्या बायका परतताना माझ्याजवळ हळहळल्या. “केवढी सेवा केली गं बाईने. आणि शेवट असा अपुरा. प्रभुभोजन तोंडात न पडता गेली.”

मी त्यांना मागे टाकून पुढे निघाले. खोलीवर आले तर शेवंता उंबऱ्यावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. तिचे हात मांडीवर रिकामे पडले होते. आत्याचं शेवटी शेवटी कसं होतं, त्रास झाला का, असं मी विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. त्रास फार नव्हता. बोलणं तेवढं बंद झालं होतं.

“जेवायची का नीट?”

“जेवायच्या की. पेज, दुधात भाकर चुरून, जे दिलं ते. पन येक खोड व्हती त्यांना.” शेवंताने नाक ओढलं. “पहिला घास कधी खाल्ला न्हाई. मी घास पुढं केला की त्या डाव्या हातानं माझं मनगट धरायच्या आन तो माझ्याच तोंडाकडं वळवायच्या. सांडायचं सगळं. मी म्हनायची, आत्याबाई, आवो माझं जेवन झालंय, तुमी खावा. ऐकायच्याच न्हाईत. रोज तेच.”

“मग तू काय करायचीस?”

“काय करनार?” शेवंता म्हणाली. “मी घेतल्याबिगर म्हातारी घेत नव्हती. मंग घ्यायची मी.”